अणुकेंद्राच्या आत: टकरींनी शिकवलेलं

पाठ्यपुस्तकात अणुकेंद्राचं एक चित्र असतं: लाल आणि निळ्या गोळ्यांचा घट्ट पुंजका, आणि सगळे गोळे आपापल्या जागी गप्प. माझ्याकडे संशोधनासाठी येणारी मुलंमुली हे चित्र डोक्यात घेऊन येतात आणि पहिले काही महिने ते पुसण्यातच जातात. मी स्वतः कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर शिकले, पुढे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबमध्ये इलेक्ट्रॉनच्या शलाकेवर काम केलं. केंद्राच्या आत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वागतात कसे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता, फक्त तो विचारायची रीत निराळी. त्यातून जे हाती लागलं ते या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी मांडते आहे.

१. टक्कर होण्याआधीच आत धावपळ चाललेली असते.

हायड्रोजनवर इलेक्ट्रॉन मारले आणि एका ठरावीक कोनात बाहेर पडणारे मोजले, तर त्यांची ऊर्जा जवळपास एकच भरते. आलेखात एक टोकदार सुळका उभा राहतो. आता तोच कोन, तीच शलाका, पण समोर कार्बन ठेवा. सुळक्याच्या जागी पसरट उंचवटा येतो. हे दोन आलेख एकावर एक ठेवून पाहणं हा मी प्रत्येक विद्यार्थ्याला देत असलेला पहिला अभ्यास. उंचवटा पसरट का? हायड्रोजनमधला प्रोटॉन स्थिर होता. कार्बनमधला प्रोटॉन इलेक्ट्रॉन आदळला त्या क्षणी कधी त्याच्या दिशेने येत होता, तर कधी त्याच्यापासून दूर जात होता. त्या उंचवट्याच्या रुंदीवरूनच आतल्या कणांचा संवेग काढता येतो. कार्बनसाठी त्याची मर्यादा साधारण २२० एमईव्ही/सी येते, जड केंद्रांसाठी थोडी जास्त. वेगाच्या भाषेत सांगायचं तर प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पावपट.

ही धावपळ उष्णतेमुळे होत नाही. पदार्थ कितीही थंड केला तरी ती थांबत नाही. काही फेम्टोमीटरच्या जागेत कण कोंडला की पुंजयामिकीच्या नियमाप्रमाणे त्याला संवेग असावाच लागतो. शिवाय पाउलीच्या नियमामुळे एका अवस्थेत एकसारखे दोन कण राहू शकत नाहीत, म्हणून नंतरच्याला वरची, जास्त संवेगाची अवस्था घ्यावी लागते. अशा भरत गेलेल्या अवस्थांच्या वरच्या टोकाला फर्मी संवेग म्हणतात. पुढचं जवळजवळ सगळं या एका मर्यादेभोवती फिरतं, त्यामुळे ती नीट लक्षात ठेवावी.

२. शलाकेचा वेग निवडला की तुम्ही प्रश्नही निवडलेला असतो.

पेलेट्रॉन हा बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा १४ दशलक्ष व्होल्टचा त्वरक. टीआयएफआरच्या आवारात, समुद्राच्या अगदी जवळ, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तो चालू आहे. उभ्या टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो, म्हणजे एवढ्या व्होल्टेजला ठिणगी पडत नाही. ऋण आयन मधल्या धन टोकाकडे ओढले जातात. तिथल्या पातळ कार्बन फॉइलमधून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन निघतात, ते धन होतात आणि त्याच टोकाकडून पुन्हा ढकलले जातात. एकाच व्होल्टेजचा असा दोनदा फायदा मिळतो.

तिथे आम्ही ज्या ऊर्जांवर काम करत असू, त्यांत लिथियमचं केंद्र प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या वेगाने जातं. म्हणजे ज्या केंद्रावर ते आदळतं, त्याच्या आतले वेगवान प्रोटॉन आणि न्यूट्रॉन त्याच्याहून दुप्पट वेगाने फिरत असतात! टक्कर त्यांच्या दृष्टीने सावकाश होते. त्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला, एखादा कण पलीकडे द्यायला, केंद्राचा आकार ताणायला वेळ मिळतो. म्हणून या ऊर्जेला केंद्र एकसंध वस्तूसारखं वागतं आणि एकेका प्रोटॉनचा पत्ता लागत नाही.

पण त्या संथपणातही किती घडामोडी होतात! लिथियम-६ म्हणजे जवळपास अल्फा कण आणि ड्यूटेरॉन यांचा सैल संसार. ते वेगळे करायला १.४७ एमईव्ही पुरतात. लिथियम-७ मध्ये अल्फा आणि ट्रायटॉन, २.४७ एमईव्ही. असं सैल केंद्र जड केंद्राजवळ आलं की त्याचं संपूर्ण विलीन होणं अपेक्षेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरतं, कारण काही वेळा फक्त एक तुकडा आत जातो. मला सर्वांत जास्त भावलेली गोष्ट याच्या पुढची आहे. लिथियम-७ पुष्कळदा सरळ फुटत नाही. ते आधी एक न्यूट्रॉन समोरच्याला देतं, लिथियम-६ होतं, आणि मग फुटतं. शेवटी हाती अल्फा कण येतो, पण तो कुठल्या वाटेने आला हे त्याच्यासोबत आलेला दुसरा तुकडा पकडल्याशिवाय कळत नाही. एकट्या कणाची साक्ष अपुरी असते, हे मला तिथे पटलं आणि पुढे जन्मभर उपयोगी पडलं.

जेफरसन लॅबची बाब याच्या अगदी उलट. काही जीईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा आघात इतका झटपट होतो की आतल्या कणांना हलायलाच सवड नसते. त्या क्षणी कोण कुठे, कोणत्या संवेगाने होता, तेच नोंदलं जातं. दोन्ही यंत्रं चांगलीच, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लावू नये.

३. रिकाम्या टार्गेटचा रन कधीही टाळू नये.

शलाकेचा वेळ मोजून मिळतो आणि प्रत्येकाला वाटतं की तो खऱ्या टार्गेटवरच खर्च व्हावा. तरीही रिकाम्या डब्याची मोजणी लागतेच, कारण डब्याच्या भिंतीही ॲल्युमिनियमच्या, म्हणजे अणुकेंद्रांच्याच असतात. तसंच योगायोगाने एकत्र आलेल्या कणांचं. दोन डिटेक्टरांत काही नॅनोसेकंदांच्या अंतराने दोन कण आले म्हणजे ते एकाच टकरीतले असतील असं नाही. वेळेच्या आलेखात खऱ्या जोड्यांचा उंचवटा जिथे संपतो, त्याच्या दोन्ही बाजूंची सपाट पार्श्वभूमी मोजून वजा करावी लागते. न्यूट्रॉन पकडणं त्याहून अवघड, कारण त्याला विद्युत्‌भार नाही. डिटेक्टरच्या भिंतीतून तो मुकाट्याने निघून जाऊ शकतो. किती निसटतात हे कळायला ड्यूटेरियम वापरतात. त्याच्या केंद्रात एकच प्रोटॉन, एकच न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन पकडले की न्यूट्रॉन कुठे जायलाच हवा हे गणिताने कळतं, आणि तो तिथे खरोखर किती वेळा दिसला ते मोजता येतं. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

४. हिशेबात कमी भरणाऱ्यांकडे आधी पाहावं.

शेल मॉडेल प्रत्येक प्रोटॉनला ठरावीक कक्षा देतं. १९८०च्या आणि ९०च्या दशकांत ॲमस्टरडॅमच्या निखेफ प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनने प्रोटॉन बाहेर काढून प्रत्येक कक्षेत किती आहेत ते मोजलं गेलं. कक्षा बरोबर सापडल्या, पण प्रोटॉनांची संख्या मॉडेलच्या ६० ते ७० टक्केच भरली, आणि तीही एका केंद्रापुरती नव्हे, तर हलक्यापासून शिशापर्यंत जवळपास सारखीच. यंत्रातला दोष एवढा शिस्तीत वागत नाही. उरलेले प्रोटॉन केंद्रातच होते, फक्त ते कक्षेत नव्हते. त्यांच्यातले बरेचसे फर्मी मर्यादेच्या पलीकडे, जिथे शेल मॉडेल कोणाची अपेक्षाच करत नाही तिथे, फार मोठ्या संवेगाने वावरत होते.

५. सर्वांत वेगवान कण एकटा नसतो.

माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत अणुकेंद्राविषयी कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही. हे वेगवान कण जोड्यांनी असावेत असं फ्रँकफर्ट आणि स्ट्रिकमन या दोघांनी प्रयोगांच्या बऱ्याच आधी सांगितलं होतं. दोन न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन, क्षणभर एक फेम्टोमीटर किंवा त्याहून जवळ येतात. त्यांच्यातलं बल दोघांनाही प्रचंड संवेग देतं, दोघांचे संवेग जवळपास सारखे आणि विरुद्ध दिशांना. दोघांची बेरीज मात्र लहानच राहते. फुगडी जोरात चालू असताना एकीला कोणी हिसका देऊन ओढून नेलं, तर दुसरी उलट बाजूला भिरकावली जाते. इलेक्ट्रॉन जोडीतल्या प्रोटॉनला उडवतो तेव्हा त्याच्या जोडीदाराचं नेमकं तसं होतं. त्या बिचाऱ्याला कोणी हातही लावलेला नसतो. त्याच्याकडे जो संवेग आधीपासून होता तोच घेऊन तो बाहेर येतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष इतकी मोलाची.

जेफरसन लॅबच्या प्रयोगात तीन ठिकाणी एकाच वेळी पाहावं लागलं: एका वर्णपटमापकात विखुरलेला इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात उडवलेला प्रोटॉन, आणि तो ज्या दिशेला जायचा होता त्याच्या विरुद्ध बाजूला जोडीदारासाठी मोठा चुंबकीय डिटेक्टर, त्यामागे न्यूट्रॉनसाठी सिंटिलेटरची भिंत. २००८ साली 'सायन्स'मध्ये आलेला निष्कर्ष असा की कार्बनमधले सुमारे २० टक्के न्यूक्लिऑन कोणत्याही क्षणी अशा जोड्यांत असतात, आणि त्या जोड्यांपैकी सुमारे ९० टक्के प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या. दोन प्रोटॉनांच्या साधारण ५ टक्के, दोन न्यूट्रॉनांच्याही तेवढ्याच. ब्रूकहेवनमध्ये प्रोटॉनची शलाका कार्बनवर मारून केलेल्या आधीच्या प्रयोगातही हाच कल दिसला होता. वेगळी शलाका, वेगळी माणसं, आणि उत्तर तेच. अशा वेळी मला विश्वास बसतो.

एवढा पक्षपात का? एक फेम्टोमीटरच्या आसपास बलाचा साधा आकर्षणाचा भाग ओसरतो आणि टेन्सर बल म्हणून ओळखला जाणारा भाग वरचढ होतो. हे बल दोन कणांच्या फिरकी त्यांना जोडणाऱ्या रेषेशी कोणता कोन करतात, यावर अवलंबून असतं. फिरकी एका दिशेला असलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीवर ते जोरात चालतं. ड्यूटेरॉन बांधला जातो तोही याच्याच जोरावर. दोन प्रोटॉन इतक्या जवळ, त्याच कक्षीय अवस्थेत असतील तर पाउलीचा नियम त्यांच्या फिरकी विरुद्ध ठेवतो, आणि मग टेन्सर बलाला तिथे काही करता येत नाही.

यातून निघणारा परिणाम पचायला वेळ लागतो. शिशात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. न्यूट्रॉन जास्त, म्हणून वेगवानही तेच जास्त असं वाटेल. पण जोडी जमायला समोर वेगळ्या प्रकारचा कण लागतो, आणि प्रोटॉनला भोवती न्यूट्रॉनच न्यूट्रॉन मिळतात. त्यामुळे एखादा प्रोटॉन जोडीत सापडण्याची शक्यता न्यूट्रॉनपेक्षा अधिक. जेफरसन लॅबच्या जुन्या नोंदी नव्याने चाळून हे २०१८ साली 'नेचर'मध्ये दाखवलं गेलं. संख्येने थोडे असलेले प्रोटॉन सरासरीने जास्त धावतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात प्रोटॉन अगदी थोडे असतात, आणि तिथेही त्यांचा वाटा त्यांच्या संख्येपेक्षा मोठा असावा, अशी शक्यता यामुळे उभी राहते.

पण नियम मिळाला म्हणून तो सगळीकडे तसाच लावता येत नाही. ट्रिटियम किरणोत्सारी, अर्धायुकाल १२.३ वर्षं. त्याचा वायू बंद कुप्यांत भरून, कडक सुरक्षेत, २०१८ साली जेफरसन लॅबमध्ये ट्रिटियम आणि हीलियम-३ या जुळ्या केंद्रांवर इलेक्ट्रॉन मारले गेले. एकात एक प्रोटॉन दोन न्यूट्रॉन, दुसऱ्यात दोन प्रोटॉन एक न्यूट्रॉन. २०२२ साली निकाल आला: तिथे प्रोटॉन-न्यूट्रॉन जोड्यांचा वरचष्मा आहे खरा, पण जड केंद्रांपेक्षा बराच कमी. तीन कणांच्या केंद्रात असं का, यावर काम चालू आहे. ज्याला चांगला प्रबंध लिहायचा आहे, त्याने इथे पाहावं.

६. बाहेर येणारा प्रोटॉन वाटेत काय काय सोसून आलाय, ते विचारावं.

उडवलेला प्रोटॉन केंद्रातून निघताना इतरांवर आदळू शकतो. कार्बनमधून अर्ध्याहून थोडे जास्तच सुखरूप सुटतात, सोन्यासारख्या जड केंद्रातून जेमतेम तिसरा हिस्सा. वाटेत आपटलेला प्रोटॉन मोठ्या संवेगाचा भास निर्माण करतो. म्हणून जोड्या शोधताना डिटेक्टर कुठे ठेवायचे आणि कोणत्या टकरी ग्राह्य धरायच्या, यावर महिनोन्‌महिने वाद होतात. ते होऊ द्यावेत. फार जोराचा आघात झाला तर प्रोटॉन क्षणभर आकसून कोणाला न शिवता निसटेल, अशी एक सुंदर कल्पना सिद्धांतात आहे. कार्बनवर तपासलं गेलं आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत प्रोटॉनसाठी तिचा मागमूस दिसला नाही. नकारार्थी निकाल इतक्या काळजीने मोजणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

न्यूट्रिनोवाल्यांना या सगळ्याची फार गरज आहे. अमेरिकेत उभा राहणारा ड्यून प्रयोग द्रवरूप आर्गॉन वापरणार आहे. न्यूट्रिनोची ऊर्जा थेट कळत नाही, ती आर्गॉनच्या केंद्रातून बाहेर आलेल्या कणांवरून काढावी लागते. आतली धावपळ, जोड्या, वाटेतल्या टकरी यांतलं काहीही ढोबळ धरलं तर ती ऊर्जा चुकते.

७. संगत क्वार्कपर्यंत पोचते.

१९८३ साली सर्नमध्ये युरोपियन म्यूऑन कोलॅबोरेशनने लोखंडावर आणि ड्यूटेरियमवर म्यूऑन मारून तुलना केली. म्यूऑनची ऊर्जा शेकडो जीईव्ही, तर केंद्रातला कण सुमारे ८ एमईव्हीने बांधलेला. एवढ्याशा बंधनाने प्रोटॉनच्या आतल्या क्वार्कना काय फरक पडणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. फरक पडला. संवेगाचा मोठा हिस्सा वाहणारे क्वार्क लोखंडात कमी भरले. तेव्हापासून याचं सर्वमान्य कारण मिळालेलं नाही. २०११ साली असं दिसलं की ज्या केंद्रात जवळच्या जोड्या जास्त, तिथे हा परिणामही जास्त. दोन्ही आकडे जवळपास एका सरळ रेषेत येतात. माझा कौल जोड्यांकडे आहे: बहुतेक न्यूक्लिऑन बहुतेक वेळ जसेच्या तसे असतात, आणि एकमेकांत घुसलेले थोडे जण बरेच बदलतात. सगळेच थोडे थोडे बदलतात असं मानणारेही आहेत, आणि त्यांचे आक्षेप मी गंभीरपणे घेते. सरळ रेषा म्हणजे कारण नव्हे, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे.

८. प्रचंड ऊर्जेच्या टकरींतही केंद्राची मूळ मांडणी पुसली जात नाही.

सर्नच्या एलएचसीमध्ये शिशाची केंद्रं एकमेकांवर आदळतात तेव्हा प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळतात आणि क्वार्क-ग्लुऑनचा द्रव तयार होतो. तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगात आयआयटी मुंबईचे लोक आहेत, आणि त्यातला फोटॉन मोजणारा एक डिटेक्टर कोलकात्याच्या व्हीईसीसीच्या पुढाकाराने भारतीय गटांनी बांधला. हा माझा प्रांत नाही, म्हणून एकच सांगते. २०२४ साली ब्रूकहेवनच्या स्टार गटाने युरेनियमच्या टकरींतून उधळलेल्या हजारो कणांच्या प्रवाहावरून युरेनियमच्या केंद्राचा लांबट आकार मोजून दाखवला. सगळं वितळल्यावरही आघाताच्या क्षणी कण कसे मांडलेले होते, याची खूण शिल्लक राहते.

९. टक्कर उलटी करून पाहावी.

कार्बन स्थिर ठेवून त्यावर काही मारलं, तर उरलेलं केंद्र टार्गेटच्या आतच अडकतं आणि त्याचं काय झालं ते कळत नाही. रशियात दुबना इथे उलट केलं गेलं. कार्बनचीच वेगवान शलाका हायड्रोजनवर सोडली. आता उरलेलं केंद्रही पुढे उडत येतं आणि पकडता येतं. प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी निघून गेली असेल तर मागे बोरॉन-१० राहतं, दोन प्रोटॉन गेले असतील तर बेरिलियम-१०. शाबूत बोरॉन सापडलं म्हणजे बाहेर पडताना फारशी आदळआपट झालेली नाही, याचीही खात्री मिळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात पहिल्या प्रकारच्या २३ आणि दुसऱ्या प्रकारच्या २ घटना होत्या. आकडे लहान, पण पार्श्वभूमी इतकी स्वच्छ की माझ्यासारख्या जुन्या इलेक्ट्रॉनवाल्यांनाही मान्य करावंच लागलं.

या रीतीचा खरा फायदा पुढे आहे. जी केंद्रं क्षणभरच टिकतात, त्यांचं टार्गेट कधीच बनवता येत नाही, पण शलाका बनवता येते. जर्मनीतल्या जीएसआय प्रयोगशाळेत कार्बन-१६ हायड्रोजनवर सोडून हेच करून पाहिलं गेलं आहे. त्यात ६ प्रोटॉन आणि १० न्यूट्रॉन, म्हणजे न्यूट्रॉनांचं प्रमाण शिशापेक्षाही जास्त आणि केंद्र मात्र हलकं. शिशात प्रोटॉन जास्त वेगवान का होतात: न्यूट्रॉन जास्त असल्यामुळे, की केंद्र मोठं असल्यामुळे? शिशावर हे दोन्ही वेगळं करता येत नाही, कार्बन-१६ वर येतं. माझ्या गटातली मुलं सध्या त्याच विश्लेषणाची रीत शिकत आहेत.